दौऱ्यावरच्या आयुष्याची सलग गोष्ट सांगणारा कंट्री अल्बम कुठला?

पडद्यामागे:

मंडळी, एक शोध चालू आहे, जरा मदत करा.

मी व्यावसायिक नाटकांना साउंड देतो. त्यामुळे सीझनमध्ये घरापेक्षा बसमध्ये जास्त असतो. कोकण दौरा लागला की रात्री प्रयोग, मग सेट उतरवायचा, टेम्पो भरायचा, कुठेतरी ऑम्लेट-पाव, आणि उजाडायच्या आत पुढचं गाव. नटमंडळी पुढच्या सीटवर, आम्ही बॅकस्टेजवाले मागे, चाकावर. सगळे घोरतात, मला झोप येत नाही, मग कानात हेडफोन.

परवा आमच्या लाइटवाल्याने विली नेल्सनचं 'ऑन द रोड अगेन' ऐकवलं. गाणं झकास. पण ऐकताना वाटलं, या बाबाची पाठ कधी धरली नाही काय? दोस्तांबरोबर गात फिरायचं, सगळा आनंदीआनंद. दौरा असा नसतो हो.

मला पूर्ण अल्बम हवाय. सुरुवात, मध्य, शेवट असलेला. दौऱ्यावर जगणाऱ्या माणसाची एकच गोष्ट. सुट्या गाण्यांच्या याद्या नकोत, त्या कुठेही मिळतात. आणि कंट्रीच हवं, कारण ते पेडल स्टील नावाचं वाद्य माझ्या डोक्यात बसलंय. इंग्रजी समजतं, पण तिकडच्या दक्षिणेतले उच्चार डोक्यावरून जातात. गोष्ट आधी थोडक्यात सांगितलीत तर उपकार होतील.

कट्ट्यावरचा केदार:

विलीच हवा असेल तर त्याचा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' ऐक. १९७५. बायको आणि तिचा यार यांना मारून घोड्यावरून भटकणाऱ्या पाद्र्याची सलग गोष्ट. टेक्सासमधल्या गार्लंडच्या स्टुडिओत इतक्या कमी वाद्यांत केलाय की रेकॉर्ड कंपनीच्या लोकांना हे कच्चं रेकॉर्डिंगच वाटलं होतं. आणि त्यातल्याच एका गाण्याने विलीला गायक म्हणून पहिला नंबर एक मिळवून दिला. साउंडवाला आहेस, तुला त्यातली शांतता आवडेल.

बाय द वे, 'ऑन द रोड अगेन' त्याने विमानात ओकारीच्या पिशवीवर खरडलं होतं. सिनेमावाल्यांनी दौऱ्यावरचं गाणं मागितलं आणि त्याने जागेवर दिलं. १९८० चा सिनेमा. फर्माइशी गाणं म्हटल्यावर त्यात पाठदुखी कुठून येणार?

सांगली ते नॅशव्हिल:

केदार, स्ट्रेंजर थोर आहे, वाद नाही. पण तो घोड्यावर आहे. पडद्यामागे यांना बस हवीय.

तुम्हाला हवा तो अल्बम एमिलू हॅरिसचा 'द बॅलड ऑफ सॅली रोझ'. १९८५. दुसरं काही शोधू नका.

हे इतकं ठासून का सांगतेय, तर माझा धंदा. मी नॅशव्हिलजवळ राहते आणि लोकांचे टॅक्स भरून देते. गिऱ्हाइकांत गिटारवाले, फिडलवाले, ड्रमर बरेच. गाजलेले नव्हेत, गाजलेल्यांच्या मागे वाजवणारे. वर्षाच्या सुरुवातीला बुटाच्या खोक्यात पावत्या कोंबून येतात. टेनेसीत पगारावर राज्याचा कर नाही, पण बाहेर जिथे जिथे वाजवलं तिथली राज्यं आपला हिस्सा मागतात, कॅलिफोर्निया तर सोडतच नाही. त्यामुळे कुठला माणूस कुठल्या तारखेला कुठे होता, हे मला त्याच्या बायकोपेक्षा नीट ठाऊक असतं.

यांची बस बहुतेक गुरुवारी रात्री निघते. शुक्रवार-शनिवार शो, रविवारी घरी. बसमध्ये साधारण बारा बंक, तीन-तीन एकावर एक, प्रत्येकाला एक पडदा. झोपताना पाय ड्रायव्हरच्या बाजूला करायचे, म्हणजे करकचून ब्रेक लागला तर डोकं फुटत नाही. बसमधल्या संडासात फक्त लघवी, बाकी सगळं ट्रक-स्टॉपवर. हा नियम मोडणाऱ्याला माफी नाही, मग तो कितीही मोठा वाजवणारा असो. जेवणाचा भत्ता रोजचा ठरलेला. एक बेसवाला तो भत्ता वाचवायला शोच्या आधी ठेवलेल्या खाण्यातलं चीज रुमालात बांधून बंकवर नेतो. मला हिशेबात ते कुठे दाखवायचं कळत नाही.

या लोकांवर गाणी होत नाहीत. कंट्रीत रस्त्याची गाणी ढिगाने आहेत, पण बोलणारा नेहमी मधल्या माइकवरचा. मी फिरतो, मी पितो, घरची वाट बघतेय, मला मेलं थांबता येत नाही. सॅली रोझमध्ये बोलते ती बाजूच्या माइकवरची बाई. दुसरा आवाज देणारी, र्‍हिदम गिटार वाजवणारी. एका गाण्याचं नावच 'र्‍हिदम गिटार' आहे. सोलो तो वाजवणार, टाळ्या त्याला, आणि त्याच्या खालची जमीन ही धरून ठेवणार.

गोष्ट अशी. सॅली एका गाणाऱ्याच्या बँडमध्ये येते, त्याच्याबरोबर गाता गाता त्याच्यात गुंतते. तो गुणी, दारुडा, एका जागी न ठरणारा. दोघांचं जमतं रस्त्यावर, फिसकटतंही रस्त्यावर. आणि तो मरतोही रस्त्यावरच. मागे ती उरते, त्याची गाणी उरतात, आणि त्या गाण्यांचं करायचं काय हा प्रश्न. पुढे एक रेडिओ स्टेशन येतं, 'के-एस-ओ-एस'. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडच्या स्टेशनांची नावं बहुधा के वरून असतात, पूर्वेकडची डब्ल्यू वरून. म्हणजे या एका नावात ती देशाच्या कुठल्या अंगाला जाऊन पोचली तेही कळतं.

ही बरीचशी एमिलूचीच गोष्ट. ती वॉशिंग्टनच्या क्लबांमध्ये फोक गाणी गायची, लहान मूल पदरात. तिथे तिला हेरलं गेलं आणि ग्रॅम पार्सन्स नावाच्या गायकापर्यंत तिचं नाव पोचलं. ग्रॅमने तिला कंट्री शिकवलं. १९७३ मध्ये दोघं बसने दौऱ्यावर गेले, बँडचं नाव 'फॉलन एंजल्स'. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्रीच्या एका मोटेलात तो गेला. मॉर्फिन आणि दारू. वय २६. त्याच्या रोड मॅनेजरने, फिल कॉफमनने, विमानतळावरून शवपेटी पळवली आणि वाळवंटात नेऊन पेटवून दिली, कारण म्हणे तसं वचन दिलं होतं. तोच कॉफमन पुढे एमिलूचा रोड मॅनेजर झाला! गोष्टीत कुणी असं लिहिलं तर संपादक परत पाठवेल.

त्यानंतर तिने स्वतःचा बँड बांधला, 'हॉट बँड'. त्यात एल्विसकडे वाजवलेले दोघे होते, जेम्स बर्टन आणि ग्लेन डी. हार्डिन. दहा-बारा वर्षं ती प्रामुख्याने दुसऱ्यांची गाणी गात राहिली, आणि काय गायली! सॅली रोझला मात्र सगळी मांडणी तिची, जोडीला पॉल केनर्ली. हा इंग्रज. याआधी त्याने अमेरिकेतल्या यादवी युद्धावर आणि जेसी जेम्स दरोडेखोरावर असे दोन गोष्टवाले अल्बम केले होते, जेसी जेम्समध्ये एमिलू गायलीही होती. म्हणजे गोष्ट बांधणारा हात त्याचा, पोटातलं दुखणं तिचं. १९८५ मध्येच दोघांनी लग्न केलं.

ऐकताना एका गाण्यापाशी थांबा, 'वुमन वॉक द लाइन'. एक बाई एकटी बारमध्ये बसलीय. प्यायला आलीय, बँड ऐकायला आलीय. सोबत नको, कोणी येऊन बसू नका, एवढंच तिचं म्हणणं. दौऱ्यावरची बाई आणि दौऱ्यावरचा बाप्या यांत फरक काय, तो या एका गाण्यात आहे. पुरुष एकटा प्याला तर त्याला गाण्यात 'लोनसम' म्हणतात. बाईला आधी शेजारच्या खुर्च्या रिकाम्या करून घ्याव्या लागतात, मग दुःख. पुढे बऱ्याच जणींनी हे गायलं, त्यात ट्रिशा इयरवुडही आहे.

मागच्या आवाजांत डॉली पार्टन आणि लिंडा रॉनस्टाट आहेत, ओळखता येतात का बघा. गाणी उलटसुलट लावू नका, शफल बंद.

मेम्फिसचा डिस्पॅचवाला:

ताई, चीज रुमालात! आमचे ट्रकवाले मोटेलातले साबण नेतात.

एक भर घालतो. त्या 'के-एस-ओ-एस' मध्ये गाण्याचे शब्द नाहीत, नुसती वाद्यं. तीन जुनी गाणी एकमेकांत ओवलीत, त्यातलं एक 'सिक्स डेज ऑन द रोड'. डेव्ह डडलीने १९६३ मध्ये गाजवलेलं, ट्रकवाल्यांचं राष्ट्रगीत म्हणा. त्यात ड्रायव्हर वजन जास्त भरून निघालाय, लॉगबुक, म्हणजे गाडी किती तास चालवली ते लिहायची वही, मागे पडलंय, जागं राहायला गोळ्या घेतल्यात आणि पुढे तपासणी आहे. घरी पोचायचं, बास.

आज ते गाणं बेकायदा झालंय. इथे सलग दहा तास विश्रांती झाली की चौदा तासांची खिडकी मिळते, त्यात गाडी चालवायची अकरा तास. २०१७ च्या डिसेंबरपासून बहुतेक ट्रकमध्ये हे इलेक्ट्रॉनिक यंत्र मोजतं. पूर्वी दोन-दोन वह्या ठेवायचे, एक खरी, एक दाखवायची. आता खिडकी संपली की घर वीस मैलांवर असलं तरी माणूस ट्रक-स्टॉपवर झोपतो. मला फोन करून शिव्या घालतात. मी काय करू? मी खुर्चीत बसून स्क्रीनवर हिरवं-लाल बघणारा माणूस.

सॅली रोझमधलं 'व्हाइट लाइन' म्हणजे रस्त्यावरची पांढरी रेघ, ते त्यांना ऐकवा. आमच्याकडच्या एका जुन्या ड्रायव्हरला फक्त तेवढंच माहीत आहे. अल्बम आहे, गोष्ट आहे, हे मी सांगितल्यावर त्याला कळलं.

तबकडीवेडा, बेंगळूरु:

मी मिठाचा खडा टाकतो. माझ्याकडे एलपी आहे. गाणी चांगली आहेत, पण गोष्ट म्हणून अल्बम पातळ आहे. त्या गाणाऱ्याला चेहराच नाही. तो दारू पितो, फिरतो, मरतो. असे शंभर आहेत. आणि आवाज! ऐंशीच्या दशकातली ती चकाकी. विलीच्या अल्बमनंतर हे लावलं तर हॉटेलच्या लॉबीत आल्यासारखं वाटतं.

प्रवासाचाच अल्बम हवा असेल तर जॉनी कॅशचा १९६० चा 'राइड धिस ट्रेन' घ्या. गाण्यांच्या मधे कॅश स्वतः बोलतो, मागे आगगाडी, आणि दर गाण्यात वेगळ्या भागातला वेगळा माणूस. कोळसा खाणवाला, लाकूडतोड्या. तिथे माणसं दिसतात.

शिवाय सॅली रोझ चालला नाही, हेही सांगायला हवं.

सांगली ते नॅशव्हिल:

चालला नाही हे खरं. चार्टवर चढला, पण तिच्या आधीच्या अल्बमांसारखा विकला गेला नाही. दोन वर्षांनी डॉली आणि लिंडाबरोबर 'ट्रिओ' केला तो धो-धो खपला. लोकांना तीन मोठ्या बायका एका कव्हरवर हव्या होत्या, बाजूच्या माइकवरच्या एका बाईची गोष्ट नको होती. त्यात अल्बमचा काय दोष?

कॅशचा अल्बम माझाही आवडता. पण तो डब्याच्या खिडकीतून दिसणारी माणसं दाखवतो. स्वतः दौऱ्यावर असण्याबद्दल तो नाही.

चकाकीबद्दल मुकाट्याने मान्य. पण चेहरा नाही यावर भांडेन. बाजूच्या माइकवरून माणूस कसा दिसतो? अर्धा गाल, गिटारचा दांडा, आणि पाठ. ग्रॅमच्या पुढ्यात उभं राहून तिने त्याला बघितलंच नव्हतं, शेजारी उभं राहून बघितलं. दुसरा आवाज देणारी बाई पुढच्याचं तोंड आणि श्वास यांवर नजर ठेवून असते, तो कुठे तोडतो, कुठे लांबवतो. बाकीचं त्याचं आयुष्य तिला जेवढं सांगितलं जातं तेवढंच. माझ्या गिऱ्हाइकांना विचारा, ज्याच्या मागे वर्षानुवर्षं वाजवतात त्याच्याबद्दल काय माहीत आहे? तो कुठल्या सुरात गातो आणि चिडला की काय करतो. बास.

आणि गोष्ट त्याच्या मरणावर संपत नाही, हे किती जण करतात? हँक विल्यम्स १९५३ च्या नववर्षाला गाडीच्या मागच्या सीटवर गेला, शोला जाताना. पॅट्सी क्लाइन १९६३ मध्ये शोहून परतताना विमान पडून गेली. त्यांच्यावर गाणी झाली, सिनेमे झाले, सगळे मरणाशी येऊन थांबतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बँडवाल्यांनी भाडं कसं भरलं याची गोष्ट कोणी केली? सॅली रोझमध्ये निदान तो दुसरा दिवस आहे.

अजून एक. एमिलू इथल्या, नॅशव्हिलच्या रायमन ऑडिटोरियममध्ये १९९१ मध्ये गायली. १८९२ मध्ये प्रार्थनेसाठी बांधलेली इमारत, १९७४ पर्यंत 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्रीचा रेडिओ कार्यक्रम तिथे व्हायचा, मग पडीक झाली. तिने तिथे थोड्याशा लोकांसमोर ध्वनिमुद्रण केलं, अल्बम आला, आणि जागा वाचवायला त्याने हातभार लागला. १९९४ मध्ये दुरुस्त होऊन परत उघडली. आजही बसायला चर्चचे लाकडी बाक आहेत, वळणाचे, हात ठेवायला मधे काही नाही. शेजारच्याची मांडी आपल्या मांडीला लागते आणि दोन तासांनी कंबर बोलायला लागते. माझा नवरा उशी घेऊन येतो, मला लाज वाटते. पण तिथे मागच्या बाकावरसुद्धा दुसरा आवाज वेगळा ऐकू येतो, लाकडाची कमाल. पडद्यामागे, कधी आलात तर सांगा, तुम्हाला कान लावायला नेते.

पडद्यामागे:

ताई, दंडवत. केदार, मेम्फिस, तबकडीवेडा, तुम्हा सगळ्यांचे आभार.

कणकवलीहून परतताना सलग ऐकला, मग घरी स्पीकरवर परत. बेंगळूरुच्या दादांचं चकाकीचं म्हणणं पटलं, काही ठिकाणी स्नेअर ड्रमवर इतका रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, आहे की तो कमी करायला माझे हात शिवशिवत होते. पण गोष्ट पातळ नाही वाटली मला. 'के-एस-ओ-एस' मध्ये ती एकामागून एक जुनी गाणी वाजतात ना, तो प्रवेश बदलतानाचा भाग आहे. अंधारात माणसं सेट हलवतात तेव्हा आम्ही मागे काहीतरी वाजवतो, प्रेक्षकाला वाटतं काही घडत नाहीये, आणि दिवे येतात तेव्हा सगळं घर बदललेलं असतं. त्याच्यानंतर लगेच शेवटचं 'स्वीट चॅरियट' येतं, चर्चच्या वळणाचं, आणि तोपर्यंत बाई कुठल्या कुठे गेलेली असते.

'र्‍हिदम गिटार' आमच्या तबलजीला ऐकवलं, संगीत नाटकाचा दौरा आहे सध्या. शब्द कळले नाहीत त्याला. मी सांगितलं काय म्हणतेय ते. तो म्हणाला, बरोबर आहे, पण हिला मानधन वेळेवर मिळत होतं का विचार.

डॉली मला ओळखता आली. लिंडाचा आवाज नेमका कुठल्या गाण्यांत, ते कोणी सांगेल का?

सांगली ते नॅशव्हिल:

तबलजींना माझं कार्ड पाठवते.

लिंडासाठी एक करा. २०१८ मध्ये या अल्बमची वाढीव आवृत्ती निघाली, त्यात सोबत डेमो आहेत, कच्चे, अल्बमच्या मानाने उघडे. आधी तो डेमो ऐका, मग तेच गाणं अल्बममधलं. मागे जे जे नवीन भरलंय ते आपोआप सुटं होऊन कानावर येतं. तबकडीवेडा, तुम्हीही ऐका, त्यात तुमची ती लॉबी नाही.

तबकडीवेडा, बेंगळूरु:

डेमो ऐकतो. ड्रम नसतील तर मत बदलेन, लॉबीचं. चेहऱ्याचं नाही.